थंडीतील धडा

वाचकहो, डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो, हे आपणांस ठाऊक असेलच. दाबलेली हवा तापते व त्या उष्णतेनेच इंधन पेटते. परंतु थंडीत गार लोखंड ती उष्णता शोषून घेते. म्हणून जुन्या मोटारींत प्रत्येक सिलिंडरला एक ग्लो प्लग असतो. चावी फिरविताच तो तापून लाल होतो.

गेल्या पौषात इंदूरला वडिलांची जुनी मोटार अडून बसली. सकाळी इंजिन फिरे, पांढरा धूर येई, पण पेट घेईना. मी नवी बॅटरी आणली. पैसे व्यर्थ गेले. वडील मोटार भंगारात काढण्याचे बोलू लागले.

अखेर शेजारचे वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी प्लगांच्या तारा सोडविल्या. लहान दिव्याची एक तार बॅटरीच्या धन टोकाला जोडून दुसरी एकेका प्लगला लावली. चारांपैकी दोन ठिकाणी दिवा लागला नाही; ते प्लग जळाले होते.

पहिला सहज निघाला. दुसरा हलेना, तेव्हा मी पान्यावर जोर देऊ लागलो. त्यांनी माझा हात धरला. "तो मोडला, तर हेडच उतरवावे लागेल, बेटा."

पहिल्या जागी नवा प्लग बसवून दुपारच्या उन्हात त्यांनी इंजिन सुरू केले, ते चांगले तापवून बंद केले, प्लगाच्या बुडाशी तेल सोडले आणि पाना किंचित मागे, किंचित पुढे करीत राहिले. बऱ्याच वेळाने प्लग अखंड बाहेर आला. माझ्या उतावीळपणाची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन तत्काळ सुरू झाले. भंगाराचा विषय वडिलांनी पुन्हा काढला नाही.