मृत्युदेवीची वही

कादंबरीसाठी नवं जग रचताना बहुतेक जण मृत्युदेवीच्या रूपापासून सुरुवात करतात. काळं लुगडं, कवट्यांची माळ, फार तर खांद्यावर घुबड. मी ते सगळ्यात शेवटी ठरवते. आधी बघते, त्या मुलखात जाळायला लाकूड आहे का, जमीन खणता येते का, प्रेताला हात कोण लावतं आणि त्याच्या पदरात काय पडतं.

तिबेटच्या पठारावर झाडं विरळ, जमीन खडकाळ. तिथे देह गिधाडांना देतात. मुंबईत पारशांच्या डुंगरवाडीवरही गिधाडांचाच भरवसा होता. गिधाडं नाहीशी झाली तेव्हा तिथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. देशभर गिधाडं मेली ती गुराढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने. त्यावर बंदी आली 2006 मध्ये. गुरांच्या औषधाने माणसांचा अंत्यविधी हलावा, असं कल्पनेतल्या जगात लिहायला फारसं कुणी धजत नाही.

माझ्या सध्याच्या जगात झाडाचं नाव नाही, सगळा खारट मुलूख. देह मिठात पुरतात, आणि मीठच तिथलं चलन. मग गरिबाने मीठ आणायचं कुठून? देवीच्या ठाण्यातून, उधारीवर. झाल्या पुजारणी सावकार! प्रेताचं मीठ बाजारात परत येऊ नये म्हणून त्यात राख कालवायचा नियम आला. नियमापाठोपाठ ते मीठ धुऊन विकणारेही आले. देवीला अजून नाव नव्हतं, कथानक मात्र चालू लागलं होतं.

स्वभावासाठी मी घरचाच आधार घेतला. शतपथ ब्राह्मणात निर्ऋती या विनाशाच्या देवीसाठी तुसावर भाजलेल्या तीन काळ्या विटा मांडतात आणि मागे न बघता परततात. मरीआईचा गाडाही शिवेपलीकडे नेऊन सोडतात. अशा देवीकडे कुणी काही मागत नाही, तिला वाटेला लावतात. म्हणून माझ्या देवीचं ठाणं गावाबाहेर.

विधी फसायचीही सोय हवी. दहाव्याला घाटावर पिंड मांडलेला असतो, कावळा शिवत नाही. कुणीतरी हात जोडतं, ‘धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो.’ तरी नाही. मग जमिनीच्या वाटणीचं निघतं. घरात वर्षानुवर्षं दबलेलं चारचौघांत बोललं जातं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, पळवाटसुद्धा शास्त्रातच! माझ्याकडे मिठाला पाणी सुटलं की मृताचं देणं राहिलं असं मानतात, आणि ते नातलगांनी उघड कबूल करायचं असतं. दमट हवेनेही पाणी सुटतं, हे पुजारणींना पक्कं ठाऊक आहे.

तुम्हीही असं जग रचायला बसणार असाल, तर देवीचं चित्र काढण्याआधी तिच्या ठाण्यातली वही लिहून काढा: कुणाकडे किती मीठ येणं आहे.