वाक्प्रचारापासून कादंबरीपर्यंत

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने कात्रज ते सिंहगड ही वाट एकदा तरी रात्री चालून पाहावी, असे मला मनापासून वाटते. ह्या वाटेचा आरंभ एका वाक्प्रचारात होतो आणि शेवट एका कादंबरीच्या नावात. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शाइस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज सिंहगडाकडे निघून गेले, आणि मोगली फौज बैलांच्या शिंगांना बांधलेल्या पलित्यांमागे कात्रजकडे धावत राहिली, अशी कथा आहे. छापा हा इतिहास. पलित्यांना मात्र आधार आहे तो मुख्यतः परंपरेचा. तरीही 'कात्रजचा घाट दाखवणे' हा प्रयोग भाषेत असा रुजला, की तो वापरताना बैलही आठवत नाहीत आणि घाटही.

दुसऱ्या टोकाला १६७० सालचा तानाजी मालुसरे आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' ह्या कादंबरीने तो घराघरांत पोचवला. तानाजीच्या बलिदानानंतर कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण लहानपणापासून मानतो. 'सिंहगड' हे नाव १६६३ सालच्या पत्रातही आढळते, हे अभ्यासकांनी दाखवून दिलेले असूनही. भाषेने आणि साहित्याने एकदा उभारलेली वास्तू कागदपत्रांच्या धक्क्याने सहसा पडत नाही.

ह्या दोन टोकांच्या मध्ये सुमारे पंधरा किलोमीटरची डोंगरधार आहे. जुन्या बोगद्याजवळच्या वाघजाईच्या देवळापासून माणसे चढू लागतात. पौर्णिमेच्या आसपास आणि पावसाळ्यातल्या सुट्ट्यांना तर रांगच लागते. मी गेलो तेव्हाही पुढेमागे विजेऱ्यांची माळ होती. दुरून पाहणाऱ्याला ते पलितेच वाटले असते. फरक इतकाच, की आता कोणी कोणाचा पाठलाग करीत नव्हते.

उजव्या हाताला पुण्याचा झगमगाट, डाव्या हाताला खेड-शिवापूरकडे जाणाऱ्या महामार्गावरची दिव्यांची धावती रेघ, आणि समोर गडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचा लाल दिवा. हा दिवा मोठा लबाड. प्रत्येक माथ्यावर तो पलीकडच्याच टेकडीवर असल्यासारखा दिसतो. आपण घसाऱ्यावरून बसत, सरकत खिंडीत उतरतो, पुन्हा छातीवरचा चढ चढतो, आणि दिवा होता तेवढाच लांब असतो. कात्रजचा घाट दाखवणे म्हणजे काय, ते मला शब्दकोशातून नव्हे, सातव्या की आठव्या टेकडीवर गुडघ्यांतून कळले.

"काका, किती झाल्या?" मागून येणाऱ्या एका मुलाने विचारले. ह्या वाटेवर सगळे हाच प्रश्न विचारतात. टेकड्या तेरा, असा सर्वसाधारण हिशेब आहे. मी म्हटले, "आठ असाव्यात." मग तो म्हणाला, "आणि हिचं नाव काय?" मला सांगता आले नाही. माझ्या सोबत्यांपैकीही कोणाला सांगता आले नाही. तिथे गुरे चारणाऱ्यांपाशी ह्या टेकड्यांची नावे नक्कीच असतील. आमच्यापाशी फक्त आकडे होते.

त्या मुलाच्या प्रश्नाने माझी चाल मंदावली. एका टोकाला वाक्प्रचार, दुसऱ्या टोकाला कादंबरी, आणि मधला सगळा डोंगर निनावी! गडाचा चिरा ढासळला तर वर्तमानपत्रात बातमी येते, पत्रे लिहिली जातात, कारण गड आपल्याला वाचून ठाऊक असतो. टेकडी कापली गेली तर ती कोणती, हेच सांगता येत नाही. तिला असतो तो सर्व्हे नंबर. जून २०१३ मध्ये ह्याच घाटाच्या सातारा बाजूला, शिंदेवाडीजवळ, मुसळधार पावसाचे पाणी महामार्गावर उतरले आणि एक माय-लेक त्यात वाहून गेल्या. वरची डोंगरफोड आणि बुजवलेले ओढे ह्यांची चर्चा त्यानंतर झाली. पाणी आपल्या जुन्या वाटेने निघाले होते. ती वाट माणसांनी पुसली होती.

साहित्याने डोंगर वाचतात, असा भाबडा दावा मला करायचा नाही. वाक्प्रचारात अमर झालेला कात्रजचा घाट तरी कुठे शाबूत राहिला? परंतु ज्याला नाव नाही त्याच्या नाशाची तक्रारही नीट लिहिता येत नाही, हे खरे. आपले बरेचसे दुर्गप्रेम टोकांवर प्रेम करते. मधली धार ही आपल्या लेखी केवळ ओलांडण्याची जागा, दोन प्रसिद्ध शब्दांमधले रिकामे अंतर.

पहाटे कोंढणपूरच्या बाजूने डांबरी सडक लागली. पुढे गडावर गरम पिठले-भाकरी होती, मडक्यातले दही होते, आणि तानाजीची गोष्ट मुलांना सांगणारे आईबापही होते. ती गोष्ट सांगितली जायलाच हवी. पण साहित्याच्या वर्गातल्या कोणी एखाद्या सुट्टीत त्या तेरा टेकड्यांची नावे तिथल्या गुराख्यांना विचारून वहीत उतरवून आणली, तर तेही मराठीचेच काम होईल. आणि ते अजून व्हायचे आहे.