परळ

होळी झाली की मी भिंगारच्या कुंभाराकडून एक नवा परळ आणतो. वीत-दीड वीत रुंद, दोन बोटं खोल, कडा थोडी खडबडीत. रात्रभर तो बादलीत भिजत ठेवतो, सकाळी गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात कठड्याच्या सावलीला मांडतो, मधोमध एक चपटा दगड ठेवतो आणि पाणी ओततो. पहिला दिवस कोरडाच जातो. दुसऱ्या दिवशी एखादी साळुंकी येऊन कडेवर बसते, मान तिरकी करून पाण्याकडे पाहते. तिसऱ्या दिवसापासून गच्ची माझी राहत नाही.

पहिला परळ आजीचा. १९७२ साली मी आठ वर्षांचा होतो. आमचा भाग पर्जन्यछायेचा, चांगल्या वर्षीही पाऊस जेमतेम ५००-६०० मिलिमीटर. त्या साली तर आभाळ कोरडंच राहिलं. आई आणि काका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात रेशनची लाल ज्वारी, मिलो, यायची. तिची भाकरी थापताना तुटायची. कामावर मिळालेली सुकडी आई पदराला बांधून आणायची. पाण्यासाठी पहाटेपासून हंड्यांची रांग लागायची. अशा दिवसांत आजी रोज सकाळी पहिल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी परळात ओतायची. एकदा काका चिडून म्हणाला, "आये, माणसाला पाणी न्हाई आन् तू पाखरांना घालतीस?" आजीनं परळ पुसता पुसता उत्तर दिलं, "पाखरांचं नाव रेशनकार्डावर नसतंय. मंग त्यांनी कुठं जावं?"

काका पुढं काही बोलला नाही. मला त्या वाक्याचा अर्थ कळायला तीस वर्षं लागली.

त्या उन्हाळ्यात शाळेनंतर मी परळासमोर बसून राही. चिमणी, साळुंकी, बुलबुल चोचीत पाणी घेतात, मान वर करतात आणि ते घशाखाली सोडतात. होला मात्र चोच पाण्यात बुडवून सलग ओढून घेतो, मान वर करतच नाही. सातभाई एकटा कधी येत नाही. एक पितो तेव्हा बाकीचे कलकलाट करत राखण करतात. पक्ष्यांना घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकत अंगातली उष्णता घालवतात, आणि त्यात पाणी खर्च होतं. किडे-अळ्या खाणाऱ्याला भक्ष्यातून थोडं पाणी मिळतं. कोरडे दाणे टिपणाऱ्याला ते मिळत नाही, त्याला रोज पाण्यावर यावंच लागतं. ही कारणं मी पुढे पुस्तकांत वाचली. परळावर कोण किती वेळा येतं, ते आधीच पाठ झालं होतं.

आमच्या घरापासून नगरचा भुईकोट किल्ला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना तिथं कैदेत ठेवलं गेलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथंच लिहिलं, हे आम्हाला शाळेत सांगत. मौलाना आझादांनी त्याच किल्ल्यात चिमण्यांवर लिहिलं, हे मला कॉलेजात असताना समजलं. 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या पत्रसंग्रहात कोठडीत घरटी करणाऱ्या चिमण्यांची हकिकत आहे. सुरुवातीला त्यांचा उपद्रव नकोसा झालेला हा विद्वान माणूस हळूहळू दाणे टाकू लागतो, त्यांची भीती मोडेपर्यंत स्तब्ध बसून राहतो, एकेकीचा स्वभाव ओळखू लागतो. बाहेर 'चले जाव'ची चळवळ पेटलेली असताना एक बंदिवान चिमणीच्या पावलांकडे पाहत होता. मला ते पळपुटेपण वाटलं नाही. भिंतींच्या आत राहूनही आपल्या शेजारी कोण राहतं, याची त्यानं खबर ठेवली होती.

कॉलेजच्या त्याच दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली. श्रमदानाच्या शिबिरात आम्ही तीस-चाळीस पोरांनी एका माळावर दहा दिवस खड्डे खणले आणि रोपं लावली. "या ओसाड जमिनीला हिरवं करायचं" अशी घोषणा होती आणि ती मी सगळ्यांत मोठ्यानं देत होतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या माळावर चंडोल हवेत उंच चढून गायचा, कुसळी गवताच्या बुडख्यात अंडी घालायचा. आम्ही ते गवत उपटलं, माती उलटी केली. पुढच्या दोन उन्हाळ्यांत रोपं जळून गेली आणि चंडोलही पुन्हा दिसला नाही. माळ ही मेलेली जमीन असते, तिला झाडांनी जिवंत करावं लागतं, असं मला वाटत होतं. माळ आपल्या परीनं जिवंत होता.

हे मला पखुर्डी या पक्ष्यानं शिकवलं. गावाबाहेर बहात्तरच्या दुष्काळात बांधलेला एक पाझर तलाव आहे. त्याच्या भरावात माझ्या आईनं फोडलेली खडी असेल. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी एक दुर्बीण घेतली आणि रविवारी सकाळी तलावाकडे जाऊ लागलो. मार्चमधल्या एका सकाळी आठ-साडेआठला आभाळात दोन स्वरांच्या हाका ऐकू आल्या आणि दहा-बारा पखुर्ड्या वेगानं येऊन काठापासून दूर उतरल्या. मातीच्या रंगाच्या, कबुतराएवढ्या. थोडं थांबून चालत पाण्यापाशी गेल्या, घाईनं प्यायल्या आणि उडाल्या. एक नर मात्र मागं राहिला. तो पोटापर्यंत पाण्यात उतरला, पिसं फुलवली आणि अंग खालीवर हलवत राहिला. मला वाटलं आंघोळ चालली आहे.

ती आंघोळ नव्हती. पखुर्डीच्या नराच्या पोटावरची पिसं वेगळ्या घडणीची असतात. त्यांतले बारीक तंतू कोरडे असताना पिळलेले असतात, भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. नर ते पाणी घेऊन मैलोगणती लांब माळावरच्या पिलांकडे जातो. पिलं त्याच्या पोटाखाली शिरून ओली पिसं चोखतात. मीड-वॉल्डो या इंग्रज पक्षीपालकानं आपल्याकडच्या पाळीव पखुर्ड्यांत हे पाहून १८९६ मध्ये लिहिलं. जाणकारांनी ते फारसं मानलं नाही. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या दोघांनी कालाहारीच्या वाळवंटात पाहणी करून ते खरं असल्याचं सिद्ध केलं, तोवर सत्तर वर्षं गेली होती. तलावाच्या काठावर बसून मला वाटलं, हा पक्षी आपल्या पोटावर परळ घेऊन फिरतो.

२००४ च्या बुद्धपौर्णिमेला आम्ही सहा जण मेळघाटात गेलो. एक निवृत्त शिक्षक, लष्करी कॅम्पातून निवृत्त झालेले एक हवालदार, बँकेतल्या एक ताई, दोन कॉलेजची मुलं आणि मी. एक जीप, दोन दुर्बिणी, बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. परतवाड्याहून घटांगचा घाट चढून सेमाडोहला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मेळघाट म्हटल्यावर हिरवं रान डोळ्यांसमोर ठेवून आलेली पोरं गप्प झाली. मे महिन्यातलं कोरडं पानगळीचं जंगल राखाडी असतं. साग निष्पर्ण, सालईची खोडं पांढरी, पायाखाली सागाच्या पानांचा पापडासारखा आवाज, सिपना नदीच्या पात्रात डोहांपुरतं पाणी. एक पोरगा म्हणाला, "काका, हे तर आपल्या नगरसारखंच आहे." मी म्हटलं, "म्हणूनच तुला इथं आणलं."

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक. आम्ही गेलो तेव्हा बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर बसून प्राण्यांची मोजणी केली जाई. पूर्ण चंद्र, आटलेलं रान आणि मोजकं पाणी यामुळे जो जगतो तो त्या चोवीस तासांत एकदा तरी पाण्यावर येणारच, हा त्यामागचा साधा हिशेब. दोघा-दोघांना एकेक मचाण मिळालं. माझ्या जोडीला हवालदार होते आणि खाली येईपर्यंत सोबत एक कोरकू वनमजूर. बोलायचं नाही, विडी नाही, दिवा नाही. समोर पंधरा पावलांवर पाणवठा, घरच्या अंगणाएवढा. मला तो मोठा परळच वाटला.

सूर्य बुडायच्या आधी मोर आले, रानकोंबडा आला, वानरांची टोळी येऊन गेली. अंधार पडल्यावर सांबर आलं. पाण्यात पाय घालण्याआधी ते सात-आठ मिनिटं नुसतं उभं होतं. रातव्याची ठकठक सुरू झाली. मग जमिनीलगत पंखांची सळसळ झाली आणि चांदण्यात लहान लहान गोळे पाण्याकडे सरकताना दिसले. चितारी पट्ट्यांची रंगीत पखुर्डी. आमच्या माळावरची सकाळी पाण्यावर येते, ही जंगलातली तिन्हीसांजेनंतर. मध्यरात्री अस्वल आलं, फुसफुसत प्यायलं आणि गेलं. पहाटे तीनला गवे. हातातल्या तक्त्यात प्राण्यांचे रकाने होते, ते मी भरले. पखुर्ड्यांची नोंद समासात केली. हवालदारांनी सकाळी ती पाहिली आणि म्हणाले, "सर, पहाऱ्याची नोंद समासात लिहीत नसतात." त्यांच्या सांगण्यावरून मी तक्त्याखाली नवी ओळ आखली.

सकाळी मुक्कामाकडे चालत येताना वनमजूर थांबला आणि हात न उचलता हनुवटीनं वर दाखवलं. सागाच्या शेंड्याच्या उघड्या फांदीवर, भर उन्हात, एक पिंगळा शेपटी हलवत बसला होता. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती तपकिरी, पोट पांढरं स्वच्छ, पाय दणकट. रानपिंगळा. ताईंच्या हातातली दुर्बीण थरथरत होती.

त्या पक्ष्याची गोष्ट मी तिथंच मुलांना सांगितली. १८७३ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ ह्यूमनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने. त्यांपैकी एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ सालची गुजरातमधली नोंद होती. ती मेनर्ट्‌झहॅगन नावाच्या संग्राहकानं खोटी घातली होती, नमुना मुळात चोरलेला होता. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोध चुकीच्या जागी गेला. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीला आणली, खऱ्या जागा नकाशावर मांडल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. त्या सगळ्या काळात तो इथंच, दिवसाढवळ्या, शेंड्यावर बसत होता. शिक्षक म्हणाले, "म्हणजे हरवला होता तो कागदावर."

परतीच्या वाटेवर मला आजी आठवली. रेशनकार्डावर नाव नसलेल्यांनी कुठं जावं?

घरी आल्यावर मी आमच्या जमिनीचा सातबारा काढून पाहिला. भिंगारबाहेर आमचा जिराईत तुकडा आहे. त्यात मुरमाड उताराचा काही भाग आहे, जिथं पेरलेलं उगवत नाही. सातबाऱ्यावर त्याला शब्द आहे 'पोटखराबा'. तिथं फेब्रुवारी ते मे पखुर्डी अंडी घालते, माळटिटवी खड्यांत खड्यांसारखी अंडी लपवते, धाविक पिलं चालवत नेते. सरकारी भाषेत अशा जमिनी पड, पडीक, खराबा. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झालं, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात आपले कर्जत, श्रीगोंदा, नेवासे हे तालुके होते. पुढे ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. आज महाराष्ट्राच्या माळावर माळढोक दिसणं जवळजवळ संपलं आहे. कर्जतजवळच्या रेहेकुरीत १९८० पासून काळविटांना दोन चौरस किलोमीटरहून थोडी जास्त जागा राखली, तेवढ्यावर ते टिकून आहेत. गवताला जागा मिळाली तर गवतातले जीव जगतात. त्यासाठी माळावर झाडं लावावी लागत नाहीत, तो नांगरावा लागत नाही.

आमचा पोटखराबा मी तसाच ठेवला आहे. वाटणीच्या वेळी धाकट्या भावानं तिथं जेसीबी लावून सपाटीकरण करू म्हटलं, तेव्हा मी त्याला वाद घालायचं सोडून एप्रिलच्या एका सकाळी तिकडे नेलं. बांधालगत जमिनीत एक परळ पुरून ठेवला होता, त्याच्यापासून पन्नास पावलांवर आम्ही दोघं बाभळीखाली बसलो. तासाभरात त्यानं बोटांवर मोजलं: टिटव्या, होले, चंडोल, तित्तिरांची जोडी, एक मुंगूस. शेवटी पखुर्डीचा नर आला आणि परळाच्या उथळ पाण्यात पोट टेकवून बसला. भाऊ हळूच म्हणाला, "दादा, ह्याची पोरं आपल्याच रानात असतील." जेसीबीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

तुमच्याकडे गच्ची असेल, ओसरी असेल, नुसती खिडकी असेल, तर या उन्हाळ्यात एक परळ ठेवा. उथळ असू द्या, सावलीत असू द्या, मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी असू द्या. पाणी रोज बदला आणि परळ रोज काथ्यानं घासा. घाण पाण्यातून पाखरांना रोग होतात आणि डासही वाढतात. मग थोडा वेळ समोर बसा. आणि गावाबाहेरच्या एखाद्या माळाला कुणी ओसाड म्हणालं, तर त्याला आधी एकदा तिथल्या पाण्याशी घेऊन जा. तिथं कोण राहतं ते पाण्याला माहीत असतं.

आज सकाळी माझ्या परळावर साडेसहा ते साडेसात या तासात नऊ जातींची पाखरं पाणी पिऊन गेली.