अप्पांचं नवं रीळ

घरात नवी वस्तू आली की काही दिवस ती बोलतेच. नव्या चपला करकरतात, नवा पाळणा कुरकुरतो आणि नवा मिक्सर आल्याचं तर शेजारच्यांनाही सांगावं लागत नाही. ‘रुळेल हळूहळू’ म्हणून आपण सोडून देतो. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या सत्तरीला धाकट्या भावाने बंगळुरूहून मासे गरवायचं नवंकोरं रीळ पाठवलं, तेव्हा त्याच्या आवाजाबद्दलही घरात सगळ्यांनी हेच म्हटलं. भावाने दुकानात फोन केला तर तिथूनही तेच उत्तर: ‘नवं आहे, वापरा, होईल बंद.’

आमचं गाव रेवदंड्याजवळ, कुंडलिका खाडीच्या काठी. अप्पांनी आयुष्यभर हाताने गरवलं. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेलं तंगूस, शिशाचं वजन, गरीला कोलंबी, बस्स! त्यावर त्यांनी जिताडे काढले आहेत, तांबोशीही. पण हल्ली खांदा दुखतो, हात मागे नेऊन गरी फेकता येत नाही. म्हणून हे रीळ.

बाजारात रिळांचे दोन प्रकार जास्त दिसतात. एकात दोरा गुंडाळलेली फिरकी स्थिर असते आणि फेकताना दोरा तिच्यावरून नुसता सुटत जातो. दुसरं हे बेटकास्टिंग रीळ. यात फिरकी आडवी बसवलेली असते आणि गरी फेकली की ती स्वतःच गरगर फिरते. वेग इतका, की डोळ्यांना नुसता धूर दिसावा! अंगठ्याने तिला वेळेवर आवरलं नाही, तर गरी थांबते पण फिरकी थांबत नाही आणि दोऱ्याचा असा गुंता होतो, की सोडवता सोडवता ओहोटी लागते. ही सगळी फिरकी दोन्ही टोकांच्या इवल्याशा बेअरिंगवर तोललेली असते. काम घड्याळजीचं म्हणा ना! खरोखरच अशी रिळं बनवणाऱ्या सुरुवातीच्या कारागिरांत एकोणिसाव्या शतकातला केंटकीचा जॉर्ज स्नायडर हा घड्याळजी होता. आणि स्वीडनची प्रसिद्ध आबू कंपनी १९२१ मध्ये सुरू झाली ती घड्याळांचा कारखाना म्हणून.

असो. आमच्या रिळाचा आवाज म्हणजे साधी कुरकुर नव्हती. फेकताना ते चक्क किंचाळायचं. कुकरच्या शिट्टीपेक्षाही बारीक, दातांत शिरणारा सूर. मी चार दिवसांच्या सुट्टीवर गावी गेले होते. पहिल्याच संध्याकाळी अप्पा अंगणात सराव करत होते, गरीऐवजी दोऱ्याला एक जुनं नट बांधून. माझी सहा वर्षांची लेक कानांत बोटं घालून ओटीवर उभी. मीही दात आवळून बसलेली. तेवढ्यात अप्पा कौतुकाने वळले आणि म्हणाले, ‘‘बघ, महागाची वस्तू ती महागाची. कशी मुकाट्याने चालते!’’

मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. पण नाही, अप्पा चेष्टा करत नव्हते.

मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, ‘‘अप्पा, चहा टाकू?’’ उत्तर नाही. पुढे येऊन तेवढ्याच आवाजात विचारलं, तर लगेच म्हणाले, ‘‘टाक की!’’ त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते.

इथे थोडं मागे जावं लागेल. अप्पा १९७२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. साचे म्हणजे माग. शेकडो साचे एका छपराखाली धडधडत असत. तिथे बोलणं म्हणजे ओठ हलवणं आणि हातवारे करणं. अप्पा आम्हाला लहानपणी गंमत म्हणून करून दाखवायचे: आवाज न काढता एक वाक्य बोलायचं आणि आम्ही ते ओळखायचं. आई नेहमी हरायची, अप्पा कधीच नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे कामावर परतणं राहूनच गेलं. मग ते रोह्याला एका कारखान्यात कॉम्प्रेसरच्या खोलीत लागले, ते २०११ ला निवृत्त होईपर्यंत. म्हणजे एकूण जवळजवळ चाळीस वर्षं गोंगाटात. कानांत घालायला काही मिळायचं का, असं विचारलं तर म्हणतात, ‘‘कापूस. तोही आपल्या घरचा.’’

रोज आठ तास ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज वर्षानुवर्षं सहन केला, तर आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. आणि पहिल्यांदा जातात ते बारीक, उंच सूर, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे. ट्रकचा आवाज येतो, दार आपटलेलं कळतं, म्हणून माणसाला आपण बहिरे होतोय असं वाटतच नाही. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ ही अक्षरं गळून पडतात. ऐकू तर येतं, पण कळत नाही. २०२० साली सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले, तेव्हा अप्पा बँकेत, किराणा दुकानात, सगळीकडे भांडून यायचे. ‘हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात’ हे त्यांचं पालुपद!

लहान मुलांचा आवाजही असाच बारीक असतो. त्या रात्री अप्पा मला हळूच म्हणाले, ‘‘तुझी पोरगी माझ्याशी फारशी बोलत नाही गं. शहरातली मुलं, त्यांना काय आजोबांचं!’’ आणि ती तर दिवसभर त्यांच्या पाठीमागे बोलत फिरत होती.

मी त्यांना तिथल्या तिथे काही समजावत बसले नाही. म्हटलं, ‘‘अप्पा, हे रीळ आवाज करतंय. उद्या उघडू या.’’ ‘‘आवाज?’’ म्हणून त्यांनी रीळ पुन्हा फिरवलं. मग मूठ सावकाश वळवत, डोळे मिटून म्हणाले, ‘‘आवाज नाही. पण खरखर आहे. डाव्या टोकाला.’’

ती खरखर मला ऐकू आली नव्हती. साचेखात्यातले जॉबर पान्याचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावून बिघाड ओळखायचे म्हणे. अप्पांची बोटं तेच करत होती. म्हणजे एका रिळात दोन दुखणी होती: एक माझ्या कानांना कळणारं, एक त्यांच्या हातांना.

सकाळी ओटीवर जुनं पांढरं धोतर अंथरलं. (पांढरं अशासाठी, की पडलेला स्क्रू दिसतो.) बाजूचं झाकण पाव वळसा देऊन उघडलं, फिरकी काढून ठेवली आणि नुसती मूठ फिरवून पाहिली. ही युक्ती कुठल्याही असल्या रिळाला लागू आहे. फिरकी काढल्यावरही आवाज राहिला तर दोष आतल्या दात्यांत किंवा दोरा सारखा पसरवणाऱ्या भागात. आवाज गेला तर फिरकीच्या बेअरिंगमध्ये. किंचाळी तर फिरकीचीच होती. पण खरखर राहिली.

दोरा डावीकडून उजवीकडे सारखा पसरावा म्हणून समोर एक छोटी कडी सरकते. ती एका आट्यांच्या दांड्यावर चालते. त्या दांड्याच्या डाव्या टोकाला, अप्पांनी सांगितलं बरोबर तिथे, धातूचा एक बारीक कीस अडकला होता. कारखान्यातून तसाच आलेला. वर वंगणाचा पत्ता नाही. जुन्या टूथब्रशने तो काढला, तेलाचा एक थेंब दिला, खरखर संपली. हे रीळ ‘वापरून वापरून रुळलं’ असतं तर आट्या झिजून बसल्या असत्या. दुकानदाराचा सल्ला नेहमी फुकट असतो, तो का, ते अशा वेळी कळतं.

बेअरिंग कोरडी होती. तेल आणायला बाहेर जावं लागलं नाही. आईच्या शिवणयंत्राची बाटली फडताळात होतीच. सुईच्या टोकावर घेऊन दोन्ही बेअरिंगना एकेक थेंब. जास्त नाही, आणि तिथे घट्ट ग्रीस तर मुळीच नाही, नाहीतर फिरकी जड होते आणि गरी लांब जात नाही. ग्रीस दात्यांना. गंज सोडवायचा फवारा बेअरिंगवर मारणारे असतात, त्याने होतं नव्हतं ते तेलही धुऊन जातं. दोराही काठोकाठ भरला होता. दोनेक मिलिमीटर कडा मोकळी ठेवून जास्तीचा कापून टाकला.

पुन्हा फेकून पाहिलं. किंचाळी गेली होती. एक दबका घूंऽऽ उरला, तो वेग आवरणाऱ्या ब्रेकच्या गोळ्यांचा, आणि तो असायलाच हवा.

‘‘गेला?’’ अप्पांनी विचारलं. मी मान हलवली. मग ते बराच वेळ रीळ हातात धरून बसले. म्हणाले, ‘‘कसा होता गं आवाज?’’

मी तोंडाने काढून दाखवला. लेक खो-खो हसली. अप्पा माझ्या ओठांकडे बघत राहिले. आणि मग स्वतःच म्हणाले, ‘‘चल, कुठे तो कानाचा डॉक्टर आहे ते बघ.’’

अलिबागला तपासणी झाली. कागदावरची रेघ बऱ्यापैकी सरळ चालत येते आणि ४००० च्या जवळ विहिरीत पडावी तशी खाली जाते. ज्यांना मुंबई जवळ आहे, त्यांच्यासाठी वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही ही तपासणी होते. दुखत नाही, खुपत नाही. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. अप्पांनी बराच वेळ बटण दाबलं नाही, तेव्हा काचेबाहेर मला मात्र सूर ऐकू येत असल्यासारखं वाटत होतं.

दोन्ही कानांना यंत्रं बसली. पहिले आठ दिवस अप्पा वैतागले होते, ताटवाट्या आपटल्यासारख्या वाजतात म्हणून. आता सवय होतेय. पण खाडीवर ते यंत्रं नेत नाहीत. खारा वारा आणि घाम दोन्ही त्यांना वाईट. रिळालाही वाईटच. आल्यावर ते गोड्या पाण्याने हलकेच धुवायचं, सावलीत सुकवायचं, पुन्हा थेंबभर तेल.

ते थेंब कधी द्यायचे हे ठरवण्याचं काम माझ्या लेकीकडे आहे. सुट्टीत ती बांधावर आजोबांच्या उजव्या बाजूला बसते. रीळ किंचाळू लागलं, की तिने त्यांच्या कोपराला हात लावायचा. परवा एकाच संध्याकाळी तिने तीनदा हात लावला. रीळ अगदी नीट चालत होतं. तिला काहीतरी सांगायचं होतं.