फेब्रुवारीतले पाहुणे

पूर्वी वेळासला पाहुणे यायचे ते शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत. तेही परके नसत. मुंबईचे चाकरमानी आणि त्यांची पोरंबाळं. नाना फडणवीसांचं मूळ गाव एवढीच बाहेरच्या जगात या गावाची ओळख. मंडणगडहून बाणकोटमार्गे येणाऱ्या एसटीतून अनोळखी माणूस उतरलाच, तर पहिला प्रश्न ठरलेला, ‘कुणाकडचे तुम्ही?’

पुळणीवर मुद्दाम फिरायला मात्र कोणी जात नसे. जाणारे जात ते पहाटे, आणि कामानं. रात्री कासवीण वर चढली की वाळूत तिच्या वल्ह्यांचा रुंद माग उमटे. माग जिथे वळला तिथे काठी खुपसून बघायची. खाली शंभराच्या आसपास अंडी. काही घरी खायला, काही विकायला. हातून सुटली ती कोल्ह्या-कुत्र्यांना. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. म्हणून जुन्या कोकणासाठी सरसकट उसासे टाकणाऱ्यांना मी वेळासचं नाव घेऊ देत नाही.

२००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं, भाऊ काटदरेंच्या पुढाकारानं, इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं. शहाणपणा असा, की राखणीला गावचीच माणसं घेतली. माग ओळखणारी नजर गावात होतीच, तिला नवं काम मिळालं. अंडी उचलायची आणि कुंपणाच्या आत, मूळ घरट्याएवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरायची. साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं वर येतात. मग ती वाळूवर सोडायची. समुद्रापर्यंत त्यांनी स्वतःच चालत जायचं. हे बघायला लोक येऊ लागले आणि कासव महोत्सव उभा राहिला. २०२२ मध्ये तर इथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश धाडणारं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’.

आता ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये पडव्यांत गाद्या पसरलेल्या असतात. जेवण घरचंच, कुळथाचं पिठलं, भाकरी, सोलकढी, आणि सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. पैसा चुलीपाशीच राहतो, हे मला या पर्यटनातलं सर्वांत पटतं. पूर्वी पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घ्यायचे म्हणजे जीभ रेटत नसे. आता दर ठरलेला असतो. ‘कुणाकडचे’ची जागा ‘किती जण, किती दिवस’नं घेतली आहे. ते मला अजून टोचतं, पण उरलेलं वर्ष चुलीवर आधण ठेवणाऱ्या बाईला ते टोचावं असा माझा आग्रह नाही.

अडचण वेगळीच आहे. शहरातून येणाऱ्याला पिल्लं वेळापत्रकानं हवी असतात. सकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली आणि खाली नुसती वाळू दिसली, की कुरकुर सुरू, एवढ्या लांबून आलो, पैसे वाया गेले. अशाच एका कुटुंबाला त्यांची यजमानीण ताक वाढता वाढता म्हणाली, “मग ऱ्हावा की अजून एक रात्र. दर कालचाच लावीन.”