गोवा, बाबासाहेब आणि उशिराची किंमत

परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या सायबांचा विषय, आपण आरक्षण, शिष्यवृत्ती आणि अॅट्रॉसिटीपुरतं बोलावं, असा समज आपल्या चळवळीतही घट्ट बसलाय. सोलापुरात अभ्यासवर्ग घेताना आम्हाला तो दरवेळी आडवा येतो. प्रस्थापितांना हेच हवं असतं. बाबासाहेब आपल्यापुरते, आणि देशाची युद्धं नि तह त्यांचे. म्हणून आज गोव्याबद्दल बोलू.

२६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक आलं, तेव्हा इंग्रज गेले होते. पण पुद्दुचेरीत फ्रेंच, आणि गोवा, दमण, दीव, दादरा-नगर हवेलीत पोर्तुगीज बसून होते. फेब्रुवारी १९५० मध्येच भारताने पोर्तुगालकडे वाटाघाटींची मागणी केली. नकार आला. १९५१ मध्ये सालाझारच्या राजवटीने घटनाच बदलली आणि वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ करून टाकलं. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, त्यामुळे माज होताच. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. फ्रान्सने १ नोव्हेंबर १९५४ ला पुद्दुचेरीचा कारभार सोडला, पोर्तुगाल मात्र हलला नाही.

बाबासाहेब या काळात काय म्हणत होते? ऑक्टोबर १९५१ मध्ये राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी हिशोबच मांडला. वर्षाचा महसूल सुमारे ३५० कोटी, त्यातले १८० कोटी लष्करावर, आणि हा खर्च परराष्ट्र धोरणाचं थेट फळ आहे. म्हणजे आपल्या वस्तीतली शाळा आणि दवाखाना का होत नाही, याचं एक उत्तर त्यांनी परराष्ट्र धोरणात शोधलं. २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत ते गोव्यावर बोलले. सरकारने सुरुवातीलाच योग्य पावलं उचलायला हवी होती, छोटीशी पोलिस कारवाईही पुरेशी ठरली असती, नुसती ओरड करून काही होत नाही, असा त्यांचा रोख होता.

‘पोलिस अॅक्शन’ हा शब्द आम्हा सोलापूरकरांना नवा नाही. आमच्या घरातली म्हातारी माणसं जन्मसालं सांगताना ‘अॅक्शनच्या आधी’, ‘अॅक्शननंतर’ असं बोलायची. १३ सप्टेंबर १९४८ ला जनरल चौधरींची मुख्य फौज सोलापूरहूनच नळदुर्गमार्गे हैदराबादकडे निघाली. पाच दिवसांत निजाम शरण आला. पण त्यानंतर मराठवाड्यात निरपराध मुसलमानांवर जे अत्याचार झाले, तेही सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवलेत. झटपट विजयालाही किंमत असते आणि ती गरीबच मोजतो, हे विसरता येणार नाही.

दिरंगाईची किंमतही गरिबानेच मोजली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसं मेली. गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ ला, लष्करी कारवाईच्या अवघ्या दोन दिवसांत. दक्षिण विभागाचे प्रमुख तेव्हा तेच चौधरी होते. बाबासाहेब हे पाहायला नव्हते.

कुणी म्हणेल, संविधानाचं कलम ५१ आंतरराष्ट्रीय वाद लवादाने सोडवायला सांगतं, मग सरकारचा संयम चूक कसा? संयम चूक नव्हता. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये कार्यकर्त्यांनी आणि स्थानिकांनी मुक्त केल्यावर पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथे १७७९ चा पुण्याचा तह आणि पेशव्यांच्या सनदा वाचल्या गेल्या. मराठ्यांनी फक्त महसूल दिला होता, सार्वभौमत्व नाही, असं न्यायालयाने म्हटलं. इंग्रजी अमदानीत पोर्तुगीजांचं सार्वभौमत्व मानलं गेलं, हेही नोंदवलं. पण फौज आणि शस्त्रं भारतातून नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, आणि भारताने कुठलंही बंधन मोडलेलं नाही, असा निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. कायद्याची वाट उपयोगी पडली, पण लोक आधी उभे राहिले म्हणून.

आम्हाला त्या सनदांमध्ये दुसरंच दिसतं. पेशव्याने गावांचा महसूल परक्याला देऊन टाकला, तेव्हा तिथल्या आदिवासीला कुणी विचारलं होतं? राजेशाहीत माणसं जमिनीबरोबर हस्तांतरित होतात. ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांनी तोच व्यवहार बंद केला. म्हणून सीमेवरचा प्रत्येक तह आणि प्रत्येक लढाई हा आपलाही विषय आहे.

मित्रांनो, उद्या टीव्हीवर युद्धाचा जल्लोष सुरू झाला किंवा एखाद्या कराराचा गाजावाजा झाला, तर टाळ्या पिटण्याआधी बाबासाहेबांसारखा हिशोब मागा. खर्च किती, तो कुणाच्या ताटातून जाणार, आणि हेच काम आधी, कमी रक्तात झालं असतं का? असा प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह नव्हे. देशाचा पहिला कायदेमंत्री तो संसदेत विचारत होता.

जय भीम! जय संविधान!