धनुष्याची क्षमा

क्षमा हें वीराचें भूषण, असें आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ती वीराच्या हातांतील शस्त्राच्या अंगीं असावी, ही कल्पना आम्हांस अगदीं नवीन होती. अमरावतीच्या मैदानावर धनुर्विद्येचा सराव करणारीं मुलें एखाद्या धनुष्याची वाखाणणी करतांना तें ‘फर्गिव्हिंग’ आहे असें म्हणतात. आमची पुतणी त्यांतलीच एक. तिच्या तोंडून हा शब्द प्रथम ऐकिला तेव्हां आम्हांस हंसूं आलें. पण पुढें वर्षभर आमच्या कुटुंबांतील पुष्कळशी बोलणीं, व थोडीशी भांडणेंही, ह्याच एका शब्दाभोंवतीं फिरलीं. गोल्फ खेळणारे लोक आपल्या ‘ड्रायव्हर’ नांवाच्या लांब दांड्याविषयीं हेंच दोन प्रश्न विचारतात म्हणे: चेंडू किती दूर जातो, आणि फटका मध्यावर न बसतां कडेला बसला तर दांडा किती सांभाळून घेतो? गोल्फशीं आमच्या घराण्याचा कधीं संबंध आला नाहीं. धनुष्याशीं मात्र, वऱ्हाडांत राहत असल्यामुळें, आमचें दूरचें नातें लागतें.

चिखलदऱ्याजवळचें वैराट हीच विराट राजाची नगरी, आणि तेथल्याच दरींत भीमानें कीचकास मारून लोटून दिलें, अशी इकडची जुनी समजूत आहे. ती खरी मानिली तर शमीच्या झाडावर लपविलेलें गांडीव अर्जुनानें खालीं काढविलें तें आमच्याच मुलुखांत. इतिहासाचे पंडित विराटनगरी राजस्थानांत दाखवितात. त्यांच्याशीं वाद घालण्याची आमची इच्छा नाहीं, आणि दसऱ्याच्या दिवशीं तर मुळींच नाहीं. पुराणांतली गोष्ट सोडली तरी अमरावतीस शरीरसाधनेची परंपरा जुनी आहे. श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें, आणि १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या पथकानें बर्लिनला जाऊन देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. त्याच बर्लिनमध्यें ५ ऑगस्ट २०२३ रोजीं नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड धनुष्याचा जगज्जेता झाला. अंतिम सामन्यांत त्यानें पंधरा बाण सोडले आणि पंधराही दहाच्या वर्तुळांत घातले. प्रतिस्पर्ध्याचा एकच गुण कमी पडला. साताऱ्याची अदिति स्वामी त्याच दिवशीं सतराव्या वर्षीं स्त्रियांमध्यें जगज्जेती झाली. ह्या दोन बातम्यांनीं विदर्भांतल्या किती घरांची झोंप उडविली असेल तें सांगवत नाहीं. आमच्या बंधूंचें घर त्यांपैकीं एक.

आमची पुतणी तोंपर्यंत चार वर्षें बांबूच्या धनुष्यावर शिकली होती. आपल्याकडे ‘इंडियन राऊंड’ नांवाची देशी स्पर्धा आहे. तींत बांबूचें वा लांकडाचें साधें धनुष्य वापरतात, आणि ५० व ३० मीटर हीं तिचीं मुख्य अंतरें. ह्या धनुष्यास नेम धरण्याचें यंत्र नसतें, तोल सांभाळणारी दांडी नसते. बाणाचें टोंक कोठें दिसतें, दोरी हनुवटीला कोठें टेकते, एवढ्या दोन खुणांवर सारा हिशेब. दोरी जितकी मागें ओढावी तितका भार वाढत जातो. म्हणजे नेम धरण्याच्या नेमक्या क्षणीं हातावर सर्वांत जास्त ओझें! ज्याचा हात तेव्हां कांपला, त्याचा बाण गेला. हें धनुष्य कोणासही क्षमा करीत नाहीं. स्वस्त मात्र असतें, आणि मोडलें तर त्याच्या पायीं घरांत सुतक येत नाहीं.

कंपाउंड धनुष्याची तऱ्हा निराळी. अमेरिकेंतील मिसुरी प्रांतांत हॉलेस विल्बर ॲलन नांवाचे एक गृहस्थ होते. त्यांनीं १९६६ सालीं ह्या धनुष्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला व १९६९ च्या अखेरीस तें त्यांस मिळालें. युक्ति अशी कीं, धनुष्याच्या दोन्ही टोंकांस विहिरीच्या रहाटासारखीं चाकें बसवावयाचीं, पण त्यांचा आंस मध्यावर न ठेवतां एका बाजूस ठेवावयाचा. दोरी ओढूं लागलें कीं आरंभीं भार चढत जातो. चाक विवक्षित जागेपलीकडे फिरलें म्हणजे तोच भार एकाएकीं उतरतो. पन्नास पौंडांचें धनुष्य पूर्ण ओढल्यावर बोटांवर बारा-तेरा पौंडच राहतात. नेम धरणाऱ्यास श्वास घेण्याइतकी फुरसत मिळते, आणि बाणास मात्र पन्नास पौंडांची पुरी ताकद मिळते. शिवाय दोरींत बारीक भोंक ठेवलेलें, समोर भिंगाची साइट, पुढें लांब दांडी, आणि दोरी बोटांनीं न सोडतां खटक्यानें सोडण्याची सोय.

ह्या सर्व सोयींची बाणांसह किंमत दोन लाखांच्या घरांत गेली. बंधु शिक्षक आहेत. दोन लाख म्हणजे काय हें ज्यांच्या घरीं दरमहा पगाराचे हिशेब मांडले जातात त्यांस निराळें सांगावयास नको. आम्ही त्यासाठीं अकोल्याहून गेलों. रात्रीं जेवणें झाल्यावर बैठक बसली. भावजयीचें म्हणणें, मुलगी दहावींत आहे, पुढचें वर्ष जाऊं द्या. बंधूंचें म्हणणें, वय निघून गेल्यावर धनुष्य घेऊन काय करावयाचें? पुतणी कोपऱ्यांत बसून जुन्या बाणाचीं पिसें सारखीं करीत होती. ती एक अक्षर बोलली नाहीं. शेवटीं आमच्या मातोश्री देवघरांतून उठून आल्या व हातांतल्या पाटल्या काढून त्यांनीं पानाच्या डब्याशेजारीं ठेविल्या. “आई, हें तूं काय करतेस?” असें बंधु म्हणाले, तेव्हां त्या एवढेंच बोलल्या, “अरे, मला आतां ह्या जडच होतात.” पाटल्या मोडल्या नाहींत, गहाण ठेविल्या, त्या सोडविण्याचे हप्ते आम्ही दोघे भाऊ मिळून अजून भरीत आहों.

धनुष्य आलें, तेव्हां पहिला अनुभव आला तो अंतराचा. चार वर्षांच्या संवयीनें मुलीनें लक्ष्याच्या बराच वर नेम धरिला आणि बाण लक्ष्यावरून निघून मागच्या मातीच्या बांधांत असा शिरला कीं तो काढावयास कुदळ आणावी लागली. ह्यांतलें गणित सोपें आहे. बाण सेकंदास साठ मीटर वेगानें गेला तर पन्नास मीटर जाईपर्यंत तो सुमारें साडेतीन मीटर खालीं येतो. तोच नव्वद मीटर वेगानें गेला तर जेमतेम दीड मीटर. म्हणजे बाण जितका वेगवान तितकी त्याची वाट सरळ, आणि वाऱ्यास त्यास ढकलण्याला मिळणारा वेळही तितकाच थोडा. एका अर्थानें वेग हीदेखील क्षमाच.

पण येथेंच दुकानदार गिऱ्हाइकास फसवितो. प्रत्येक कारखान्याच्या जाहिरातींत वेगाचा आंकडा मोठ्या अक्षरांत छापिलेला असतो. तो आंकडा काढावयाचा ठरलेला प्रकार असा: सत्तर पौंडांची ओढ, तीस इंच लांबी, आणि ३५० ग्रेन वजनाचा अगदीं हलका बाण. आतां जागतिक संघटनेच्या स्पर्धांत साठ पौंडांहून अधिक ओढ चालत नाहीं, आणि आमच्या पुतणीची लांबी सव्वीस इंच व ओढ पंचेचाळीस पौंड! तिला तो छापील वेग जन्मांत मिळावयाचा नाहीं. आणखी एक गोम आहे. दोरी व मूठ यांतलें अंतर कमी ठेविलें कीं दोरी बाणास अधिक काळ ढकलते व वेग वाढतो. पण तेवढाच अधिक काळ बाण दोरीला चिकटून असतो, आणि त्या काळांत मुठीनें केलेली प्रत्येक चुळबूळ त्याच्या अंगीं उतरते. अंतर वाढविलें कीं वेग घटतो, पण बाण लवकर सुटतो व हाताच्या चुकांतून लवकर मोकळा होतो. म्हणजे पल्ला आणि क्षमा हीं दोन्हीं एकाच गांठोड्यांतून काढावयाचीं आहेत. एक अधिक घेतलें कीं दुसरें कमी उरतें. मैदानावरच्या एका मोठ्या मुलानें वेगाच्या लोभानें आंखूड, चपळ धनुष्य घेतलें होतें. घरीं दहा बाणांत नऊ उत्तम जात. स्पर्धेच्या दिवशीं छाती धडधडूं लागली कीं तेंच धनुष्य त्यास एकेका ठोक्याचा जाब विचारी. आमच्या पुतणीनें लांब व संथ धनुष्य घेतलें, तें त्याचें पाहूनच.

क्षमा किती सूक्ष्म असते तें पाहा. बाण हातभर लांब. सत्तर सेंटिमीटर धरा. सोडतांना त्याचें टोंक एक मिलिमीटर जरी ढळलें तरी पन्नास मीटरांवर तें सात सेंटिमीटर होतें. दहाच्या वर्तुळाचा व्यास आठ सेंटिमीटर. म्हणजे एका मिलिमीटरानें दहाचा नऊ झाला. पुढची लांब दांडी व तिच्या टोंकाचीं वजनें आहेत तीं ह्यासाठींच: भार मध्यापासून दूर ठेविला कीं वस्तु सहजासहजीं वळत नाहीं. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या मुलीच्या हातांतली काठी आपण सर्वांनीं पाहिली आहे. गोल्फच्या नव्या दांड्यांतही वजन असेंच डोक्याच्या कडेला नेतात, आणि तेथें कारागिरांनीं फार मजल मारूं नये म्हणून नियम करणाऱ्या मंडळांनीं त्यावरही मर्यादा घातली आहे. क्षमेला कायद्यानें मर्यादा घालावी लागते, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटली.

सहा महिन्यांत मुलीचे गुण वाढले, आणि त्याबरोबर तिच्या गुरुजींची नाराजीही. त्यांचें म्हणणें असें कीं, बांबूच्या धनुष्यावर डावा खांदा उचलला तर बाण लक्ष्याबाहेर जाऊन ओरडून सांगे; नव्या धनुष्यावर तोच खांदा उचलला तरी बाण नवांत बसतो आणि मुलीस वाटतें, ठीक आहे. दोष गेला नाहीं, दिसेनासा झाला. म्हणून दर गुरुवारीं त्यांनीं तिला जुनें धनुष्य हातीं धरावयास लाविलें. त्या दिवशीं घरीं आली कीं ती कोणाशीं बोलत नसे.

ह्या साऱ्या प्रकरणांत आमचें मन खरें गुंतलें तें मात्र दुसऱ्याच एका मुलांत. तो धारणी तालुक्यांतला, कोरकू, अमरावतीस वसतिगृहांत राहून शिकणारा. बांबूच्या धनुष्यावर चारही वर्षें तो आमच्या पुतणीच्या पुढें होता. थोडाथोडका नव्हे, चांगला पुढें. राजस्थानचा लिंबाराम असाच बांबूचें धनुष्य हातीं घेऊन वाढला; १९८७ सालीं सरकारी निवडींत तो सांपडला, व पुढें त्यास नवें धनुष्य मिळालें म्हणून जगानें त्याचें नांव ऐकिलें. निवड करणारे त्याच्या गांवाजवळ गेले, हा सारा त्याचा भाग्ययोग. नवशिक्याचा हात कच्चा असतो, त्याला क्षमेची गरज सर्वांत जास्त. पण बाजारांत क्षमा विकत मिळते ती दोन लाखांस. ज्याच्याजवळ दोन लाख नाहींत त्यानें चुकावयाचेंच नाहीं, असा ह्या खेळाचा न्याय झाला आहे. तो मुलगा न चुकण्याची विद्या जवळजवळ साधून बसला होता, तरीसुद्धां २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्यें कंपाउंडची मिश्र स्पर्धा घेण्याचें ठरलें आहे ही बातमी मैदानावर आली, तेव्हां तो आपले बाण गोळा करून लवकर निघून गेला असें पुतणीनें आम्हांस सांगितलें.

त्यानंतर कांहीं दिवसांनीं तिनें एकदां विचारिलें, “काका, माझें धनुष्य दुसऱ्यानें ओढलें तर बिघडेल का?” आम्हीं तिला गुरुजींस विचारावयास सांगितलें. गुरुजींनीं चाकांवरील पट्टी फिरवून लांबी कमीजास्त करतां येते तें दाखविलें. मुलाचे हात लांब. त्याला अठ्ठावीस इंच लागतात. त्याला साजेसे बाण सहाच मिळाले, तेही कोणीतरी टाकून दिलेले.

आतां दर रविवारीं सकाळीं पुतणी षट्कोनी किल्ली घेऊन बसते, दोन्ही चाकांचे स्क्रू सैल करते, पट्टी दोन खुणा पुढें सरकविते, साइट त्याच्या डोळ्याला लावून देते, आणि दुपारीं सारें पुन्हां मागें आणते. साइटच्या खुणा तिनें वहींत दोन रकान्यांत लिहून ठेविल्या आहेत. बंधु म्हणतात, अशानें स्क्रूंचे आंटे झिजतील. मातोश्री अधूनमधून विचारतात कीं त्या मुलाचे आज किती झाले. आणि आंकडा ऐकला कीं आमच्या पुतणीचा विचारतात.